दरवाजा किती सेंटीमीटरचा?

निगडी-प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत आणि पुढे चाकणच्या रस्त्यावर, कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षं उभ्याने काम केलेली पिढी आता साठी-सत्तरीला पोचली आहे. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. गेल्या काही वर्षांत मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला क्रूझ सुटू लागल्या, तशी मुलंसुना आईवडिलांना घेऊन तिकडे जायचे बेत करतात. बेत ठरला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘व्हीलचेअरचं आधी काही बोलू नका. कळलं तर तिकीटच देणार नाहीत. धक्क्यावर गेल्यावर बघू.’ सल्ला मायेने दिलेला असतो, म्हणून तो पटकन पटतो. पण या विषयावरच्या सगळ्या गैरसमजांत हाच सर्वांत घातक आहे आणि बाकीचे बरेचसे त्याच्याच पोटातून जन्मलेत.

व्हीलचेअरची माहिती मागतात ती नकार द्यायला, असं लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सगळे ‘सोलास’ म्हणतात, तो जहाज कंपनीवर एक जबाबदारी टाकतो. आणीबाणीत विशेष मदत लागेल असं ज्या प्रवाशांनी कळवलंय, त्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाच्या हातात असली पाहिजे. ‘कळवलंय’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. आग लागली तर लिफ्ट वापरत नाहीत. अशा वेळी आठव्या मजल्यावरच्या अमुक खोलीतल्या आजोबांना जिन्याने कोण आणणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज आडवं झालं, तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सुरक्षा-सराव व्हायचाच होता. त्यानंतर नियम बदलला आणि हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी जहाजं कशी बांधावीत, कशी चालवावीत, याच्या शिफारशी तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९६ मध्येच काढल्या होत्या. म्हणजे चाकांवर बसलेला माणूस जहाजावर येणार, हे या व्यवसायाने फार पूर्वी धरून चाललंय. आपण तो लपवतो तेव्हा फक्त त्याचं नाव त्या यादीतून गळतं.

दुसरं नुकसान रोजच्या वापरातलं. जहाजातल्या साध्या खोलीचा दरवाजा बहुधा ५५ ते ६० सेंटीमीटरचा असतो. हाताने ढकलायची नेहमीची घडीची व्हीलचेअर चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंत ६० ते ६५ सेंटीमीटर भरते. शिवाय बसणारा स्वतः चाकं फिरवत असेल तर दोन्ही बाजूंना त्याच्या बोटांची जाडी वाढते. साधी खोली घेऊन गेलात तर खुर्ची दारातच अडकणार. बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरठा असतो, तो वेगळाच. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या खोल्यांचे दरवाजे ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतात आणि आत खुर्ची वळवायला जागा असते. पण अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर भरतात. मुंबईहून सुटणारं एम्प्रेस हे जहाज २११ मीटर लांब आहे आणि ते फ्रान्समध्ये बांधलेलं असून १९९० मध्ये सेवेत आलं. अमेरिकेचा अपंगांसाठीचा कायदा त्याच वर्षीचा, म्हणजे जहाजाचं ड्रॉइंग त्याआधीचं. पोलादी भिंतीतलं दार धक्क्यावर विनवण्या करून रुंद होत नाही. एखादा पार्ट मोजमाप न तपासता गेटबाहेर पाठवायचा नाही हे ज्यांच्या अंगात भिनलंय, त्यांच्याच घरातून खुर्ची न मोजता निघते, याचं खरोखर वाईट वाटतं. खुर्चीची रुंदी, घडी घातल्यावरची जाडी, वजन, बॅटरीचा प्रकार आणि माणूस किती पायऱ्या धरून चढू शकतो, एवढं लेखी कळवा. ‘बाबांना व्हीलचेअर लागते’ या फोनवरच्या वाक्यातून समोरच्याला यातलं काहीच कळत नाही.

यावर आक्षेप येतो : सांगितल्यावर नाहीच म्हणाले तर? भीती निराधार नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत जीजा घोष यांना कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून केवळ अपंगत्वामुळे उतरवलं होतं. त्या लढल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई दिली. जहाजांचा उल्लेखही आपल्या कायद्यात नवा नाही. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात रेल्वेचे डबे, बस, विमानं यांच्याबरोबर जहाजं आणि त्यांतली शौचालयं सोयीची करावीत असं स्पष्ट म्हटलं होतं, अर्थात आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्याची जागा घेणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परदेशी झेंड्याच्या क्रूझ जहाजांनाही तिथला अपंग-कायदा लागू केला. मात्र जहाजाच्या बांधणीतला जो बदल सुरक्षेच्या आड येईल, तो सक्तीचा नाही, असंही सांगितलं. म्हणून हक्क सांगायचा असेल तर तो महिनाभर आधी, लेखी पत्रव्यवहारात सांगावा. नकार आला तर तो कागदावर येईल आणि त्याला जाब विचारता येईल. सुटायच्या तासाभरात, रांगेत उभं राहून, हातात काहीच नसताना कायदा उपयोगी पडत नाही.

दुसरा मोठा गैरसमज बॅटरीचा : ‘बॅटरीची खुर्ची किंवा बसून चालवायची ती छोटी गाडी बोटीवर नेऊच देत नाहीत, विमानासारखं.’ यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे विमानातही ती सरसकट बंद नाही. पॉवर बँकची १०० वॉट-अवरची मर्यादा लोक व्हीलचेअरला लावतात, पण चालण्याच्या साधनांसाठी नियम वेगळे आहेत. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. ती काढून केबिनमध्ये बरोबर ठेवायची आणि विमान कंपनीला आधी कळवायचं. हिशेब अगदी साधा आहे. २४ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८ वॉट-अवर. दोन्ही आकडे बॅटरीच्या लेबलवरच छापलेले असतात. दुसरी चूक अशी की जहाज म्हणजे विमान नव्हे. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सीलबंद बॅटरीची साधनं घेतात. त्यांची अट असते ती जागेची : गाडी स्वतःच्या खोलीत ठेवायची, तिथेच चार्ज करायची, बाहेरच्या बोळात उभी करायची नाही. तो बोळ म्हणजे आगीत निसटायची वाट. घरून नेलेले एक्स्टेंशन बोर्डही बऱ्याच ठिकाणी काढून घेतात, तेव्हा चार्जरची वायर प्लगपर्यंत पोचते का हे विचारून ठेवा. आणि या छोट्या गाडीबद्दल नुसतं ‘स्कूटर आहे’ असं लिहू नका. आकुर्डीत चेतक बनते, आपल्याकडे स्कूटर म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते आणि बुकिंग करणाऱ्याच्याही. मॉडेल लिहा, फोटो जोडा.

खरी अडचण लोक ज्याच्याबद्दल विचारतच नाहीत त्या गँगवेवर असते, म्हणजे धक्का आणि जहाज यांना जोडणाऱ्या पुलावर. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. जहाज पाण्याबरोबर वरखाली होतं, धक्का जागचा हलत नाही. इमारतीच्या रॅम्पला १ : १२ चा उतार योग्य मानतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. गँगवे दर वेळी इतका सौम्य असेल याची खात्री नसते. हलकी खुर्ची दोन खलाशी माणसासकट सांभाळून नेतात. पन्नास किलोंची गाडी आणि वर बसलेला माणूस, हे त्याच उतारावर धोक्याचं असतं. लक्षद्वीपची गोष्ट आणखी वेगळी. तिथे क्रूझ जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींत उतरवून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकता येत नसेल तर तो दिवस जहाजावरच जाईल, हे तिकीट काढतानाच कुटुंबाने ठरवून ठेवावं. त्या मानाने गोव्यापुरती सहल सोपी, कारण मुरगावला जहाज धक्क्याला लागतं.

आणि धक्क्याआधी घर आहे. किवळ्याला एक्स्प्रेस-वेला लागून मुंबईत क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर गाठायचं तर टॅक्सी बहुधा सीएनजीची असते आणि तिच्या डिकीत सिलिंडर बसलेला असतो. घडी घातलेली खुर्ची तिथे मावत नाही, टपावर बांधली तर घाटात दोर सैल होतो. डिकी रिकामी असलेली गाडी सांगून घ्या आणि आदल्या दिवशी खुर्ची त्यात ठेवून बघा. बोटीचा अंदाज घ्यायचा असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तिच्यात गाडीसकट चढता येतं. तासाभरात कळतं की हलत्या डेकवर आपल्या खुर्चीचे ब्रेक धरतात की नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात. ‘जहाज हलतं, खुर्ची घरंगळेल’ : मोठ्या जहाजाला डोलणं कमी करणारे पंख असतात आणि पावसाळा सोडून प्रवास केला तर ब्रेक लावलेली खुर्ची जागची हलत नाही; समुद्र तापला तर मात्र खुर्चीतून उठून पक्क्या आसनावर बसावं. ‘खुर्ची बोटीवर मिळतेच की’ : जहाजावरच्या खुर्च्या चढ-उतारासाठी आणि आणीबाणीसाठी असतात, दिवसभर आपल्याकडे राहत नाहीत. ‘बॅटरीची मोठी गाडी जास्त आरामाची’ : लिफ्टमध्ये वळत नसेल तर तिचा उपयोग नाही, तीन चाकांची लहान गाडी अरुंद बोळात वळते. ‘चार पावलं चालता येतात, मग खुर्ची कशाला, लोक काय म्हणतील’ : हे बहुधा आईच म्हणते, आणि खोलीतून जेवणाच्या हॉलपर्यंत भिंतीला धरून जाते. २११ मीटरच्या जहाजात खोली एका टोकाला आणि हॉल दुसऱ्या टोकाला असला, तर एका जेवणासाठी जाऊन-येऊन चारशे मीटर होतात, आणि जेवणं दिवसातून तीन.