शिप्रेतली नाव, उजनीचं पाणी

उन्हाळ्याच्या सुटीत संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात आइस्क्रीम खाताना आमच्या घरचे तारकर्लीच्या समुद्रावर जायचे बेत ठरतात आणि होडीबद्दलचं ज्ञान उतू जातं. ते सगळं रामघाटावर मिळवलेलं. शिप्रेचं पाणी पावसाळा सोडला तर बंधाऱ्यांनी अडवलेलं, तळ्यासारखं. तिथे नाव डुलली तर मुलं हसतात.

लाटा समुद्रात, गोड्या पाण्यात काय व्हायचंय? 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातजणांपैकी सहा गेले. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांब धावतो, तितकी लाट वाढते. त्यातून धरणातली लाट आखूड, उभी, एकीच्या पाठीवर दुसरी. लहान होडीला सावरायला उसंतच मिळत नाही.

एकजण पोहून काठाला लागला, हे खरं. त्यावरून आमचे काका म्हणतात, "पोहता येतं, मग लाइफ जॅकेट कशाला?" शांत तलावात पोहणं वेगळं आणि दर श्वासाला तोंडावर पाणी आपटत असताना पोहणं वेगळं. शिवाय बाकाखाली कोंबलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

लाट दिसली की होडी वळवून पळावं, हा समज सगळ्यांत घातक. वळताना होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला लाट सहज पालथी करते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडेच हवी, किंचित तिरकी. वेग कमी करावा, पण सुकाणू ऐकेल इतका ठेवावा. इंजिन बंद केलं की होडी वाऱ्याच्या ताब्यात गेली.

"थोडं पाणी शिरलं तर काय होतं?" चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते पाचशे किलो भरतं. म्हणजे आठ जादा उतारू, आणि होडी कलली की सगळे खालच्याच बाजूला धावणारे! म्हणून पाणी लगेच उपसायचं, आणि घाबरून उभं राहायचं नाही, खाली बसायचं.

उलटलीच, तर काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका. पाण्यावरचं अंतर डोळ्यांना फसवतं. पालथी होडी बहुधा तरंगत राहते, आणि शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा ती आधी दिसते. तिलाच धरून राहा.

तारकर्लीला जाल तेव्हा आधी जॅकेटं मोजा. माणसांपेक्षा एक जरी कमी भरलं, तर त्या होडीत बसू नका.