नेम रायफलीचा की माणसाचा?

यंत्रामागचं गणित : भाग ९

अमरावतीच्या राजापेठेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळचं धावणं आटोपून चहाला टेकली की एक वाद हमखास रंगतो. "एके भारी का इन्सास, भाऊ?" एकजण एकेच्या दणकटपणाचे गोडवे गातो, दुसरा म्हणतो, "पण तिचा नेम कुठं धड लागते?" गेल्या आठवड्यात नळीतले पिळाचे चर गोळीला फिरकी कशी देतात ते आपण पाहिलं. आज या वादात हात घालू, कारण तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो असं मला वाटतं.

आधी रायफलीचा स्वतःचा हिशेब. ती बाकाला घट्ट आवळली आणि एकाच खेपेच्या काडतुसांनी पाच-दहा गोळ्या झाडल्या, तरी सगळ्या एकाच भोकातून जात नाहीत. त्यांचा एक पुंजका पडतो. चांदमारीवर त्याला ग्रुपिंग म्हणतात. हा पसारा कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे जवळपास ३ सेंटिमीटर. सर्वसाधारण लष्करी रायफल चार मिनिटांच्या आसपास असली तरी सैन्याला चालते. म्हणजे १०० मीटरवर १२ सेंटिमीटरचा पुंजका, ३०० मीटरवर ३५ सेंटिमीटरचा. माणसाची छाती साधारण ४५ सेंटिमीटर रुंद धरली, तर तीनशे मीटरवर रायफल आपलं काम चोख करते. एके जातीची रायफल यात थोडी मागे पडते, पण वाद घालण्याइतकी नाही.

आता रायफलीमागे माणूस आणा. पुढची आणि मागची साइट यांत साधारण अर्ध्या मीटरचं अंतर असतं. डोळा, मागची साइट, पुढची टीप आणि लक्ष्य एका रेषेत आणताना टीप फक्त एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर सरकते आणि ३०० मीटरवर ६० सेंटिमीटर. रायफलीचा सगळा पसारा ३५ सेंटिमीटरचा, आणि माणसाची एका मिलिमीटरची चूक ६० सेंटिमीटरची! शिवाय तीनशे मीटरवरचा उभा माणूस हात लांब करून धरलेल्या तिळाएवढा दिसतो. पुढच्या साइटची टीप दोन मिलिमीटर रुंद असली तरी ती त्याला अख्खा झाकून टाकते. राजापेठेच्या उड्डाणपुलावर उभं राहून लांबचा माणूस न्याहाळा, लगेच पटेल.

याखेरीज चाप आहेच. ऑलिंपिकच्या रायफलीचा चाप शंभरेक ग्रॅमच्या दाबाने सुटतो, लष्करी रायफलीला दोन-तीन किलो लागतात. तेवढा दाब देताना अख्खा हात आवळला, तर आत्ताच साधलेला तो मिलिमीटर गेलाच. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे पाऊण मिनिटाचंही नाही. मात्र तिथे खास जाकीट, आठ किलोपर्यंतची रायफल आणि दोन गोळ्यांमध्ये श्वास जुळवायची सवड असते. शंभर मीटर धावत येऊन आडोशाला पडलेल्या जवानाकडे यातलं काहीच नसतं. त्याची छाती धपापत असते आणि समोरचं लक्ष्य दोन-तीन सेकंदच दिसतं.

नेम चुकतो तो माणसामुळे, हे आकड्यांनी ठासून मांडलं ते अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या नॉर्मन हिचमन यांनी, १९५२ च्या अहवालात. शंभर यार्डांपलीकडे नेम झपाट्याने ढासळतो, तीनशे यार्डांपलीकडे रायफलीचा परिणामकारक वापर क्वचितच होतो, आणि रायफलीची अचूकता माणसाच्या कुवतीच्या कितीतरी पुढे आहे, हा त्याचा गाभा. हलक्या, छोट्या गोळीच्या वाटेवरचा तो एक महत्त्वाचा टप्पा. पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण प्रयोगशाळेत, म्हणजे एआरडीईत घडलेली आपली ५.५६ मिमीची इन्सास याच वाटेवरची. जुन्या ७.६२ च्या एसएलआर रायफलीपेक्षा तिचा धक्का कमी, त्यामुळे दुसरी गोळी लवकर नेमात येते.

छोट्या गोळीची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. ताशी पंधरा किलोमीटरचं आडवं वारं तीनशे मीटरवर तिला वीतभर तरी ढकलतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, तापलेल्या जमिनीवरून निशाण लवलवतं आणि तापलेल्या काडतुसाची गोळी किंचित जास्त वेगाने सुटते. काडतुसांची खेप बदलली तरी पुंजक्याची जागा सरकते. बडनेऱ्याहून भुसावळकडे जाताना वरणगाव लागतं. १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या तिथल्या आयुध निर्माणीत ही काडतुसं बनतात, आणि दारूचं वजन प्रत्येक काडतुसात सारखं ठेवणं हाच तिथल्या कामातला कस.

म्हणून झिरोइंग, म्हणजे आपल्या पुंजक्याचा मध्य निशाणावर येईल अशी साइट सरकवणं, हे मला रायफलीच्या नावापेक्षा मोठं वाटतं. एकाच्या डोळ्याला, गालाला बसलेली साइट दुसऱ्याला बसेलच असं नाही. अमरावतीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९ आहे. अशा कुठल्याही दलात कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, जवानाला दर वेळी त्याच बट नंबरची रायफल मिळावी हा आग्रह धरतात, तो शिस्तीच्या हौसेपायी नव्हे. आज ही, उद्या ती असं झालं, तर झिरोइंगला अर्थच राहत नाही. वर्षाला सरावासाठी किती गोळ्या मिळतात हा प्रश्नही इथलाच. चहाच्या वादात तो कुणी विचारत नाही.

गडचिरोलीत १९९० मध्ये पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक उभं राहिलं. तिथल्या जंगलात झाडीमुळे समोरचं कित्येकदा काही दहा मीटरच दिसतं. त्या अंतरावर चार मिनिटांची रायफल आणि दोन मिनिटांची रायफल यांतला फरक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा. तिथे कामाचं ठरतं ते रायफल खांद्याला किती लवकर येते, अडकते का, आणि झाडीआड हललेला माणूस आहे की गुरं राखणारा गावकरी, हे ओळखणं.

२०१९ मध्ये सैन्यदलांसाठी ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या गेल्या आणि ७.६२ ची गोळी परत आली. ती दूरवर जोर टिकवते, वाऱ्याला कमी भुलते, पण धक्का जास्त देते. तो एक मिलिमीटर मात्र गोळी मोठी केल्याने सुटत नाही. त्यासाठी साइटच बदलावी लागते. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये पुढची टीप आणि मागचं भोक जुळवायची कटकट नाही, ठिपका लक्ष्यावर आला की पुरे. हा ठिपका काचेवर कसा उमटतो आणि डोळा थोडा हलला तरी तो लक्ष्यावरच कसा राहतो, ते पुढच्या भागात.