दुखत नाही, म्हणून राहिलं
(लेखमाला : गाठ आणि गाव – भाग ४)

आषाढात साकोलीकडच्या बांध्यांमध्ये रोवणी जोरात असते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या एखाद्या बाईच्या हाताला संध्याकाळी आंघोळ करताना थानात हरभऱ्याएवढी गाठ लागली, असं समजा. ती काय करेल? बहुधा काहीच नाही. कंबर दुखते, चिखलाने बोटांच्या बेचक्या सडल्यात, त्यांचाही दवाखाना होत नाही; तिथे न दुखणाऱ्या गाठीचा नंबर कधी लागणार?

स्तनाच्या कॅन्सरचा कावा हाच. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. आणि आपण तर आजाराला म्हणतोच ‘दुखणं’.

रोवणीची मजुरी रोवणीतच मिळते. मग पोळा, गणपती, हलक्या धानाची कापणी, दिवाळी. दिवाळी सरली की गावोगावची मंडई : लेकी-जावई मुक्कामाला, रात्री दंडार नाहीतर नाटक. घरच्या बाईने अशा दिवसांत नागपूर गाठायचं? चार महिने गेले. पॅक आणि गॅलो या अमेरिकी डॉक्टरांनी १९३८ साली तीन महिन्यांची रेघ ओढली : त्यापुढे गेला तो रुग्णाचा उशीर. त्यांच्या निबंधाच्या नावातच ‘दोष’ होता. रेघ अजून वापरतात आणि दोष द्यायची खोडही गेलेली नाही. ‘बायका अडाणी, अंगावर काढतात’ हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याचाच कंटाळा आलाय.

अंगावर काढते, पण का? सासूला सांगितलं तर ‘दूधगाठ असंल, शेक दे’. नवऱ्याला सांगायचं तर शब्दाचीच लाज. सांगितल्याशिवाय पैसे नाहीत, सोबत नाही. म्हणजे तिच्या अंगातली गाठ दवाखान्यात नेण्यासाठी आधी घरातल्या दोघातिघांची मर्जी लागते.

साकोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे त्याच महामार्गावर भंडारा चाळीसेक किलोमीटर, नागपूर शंभराच्या आसपास. अंतर फार नाही, खेपा फार आहेत. सुईची तपासणी, रिपोर्ट, मग ऑपरेशन. केमो बहुधा दर २१ दिवसांनी, आणि शेक म्हणजे रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. महात्मा फुले योजना दवाखान्याचं बिल भरते. बुडालेली मजुरी, सोबत्याचा मुक्काम, घरच्या चुलीची सोय तिच्यात बसत नाही.

मग गाठीपर्यंत दवाखानाच गेला तर? मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर हा प्रयोग केला. निम्म्या बायकांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. यंत्र नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला : रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. हेही सांगायला हवं.

आपल्या आशाताईंकडेही तिशीपुढच्यांसाठी एक फॉर्म असतो. छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, असे प्रश्न त्यात आहेत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे छातीची तपासणी कधीतरी झालेली एकही पुरती भरली नाही. मला वाटतं, प्रश्न बरोबर आहेत, जागा चुकते. अंगणात, सासू समोर सुपात तांदूळ पाखडत असताना विचारलं तर उत्तर ‘नाही’ हेच येणार. रोवणीत गेलं तर दाराला कुलूप. रोवणी संपल्यावर, कापणी लागायच्या आधी, न्हाणीच्या आडोशाला विचारून बघा.

(पुढच्या आठवड्यात : ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती)