पायांचा ठेका, कॉलेजची वाट

ना ढोल, ना डीजे! पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या, अंगावर थाप द्यायची आणि मोठ्याने घोषणा द्यायच्या, झालं संगीत. हा 'स्टेप' डान्स अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेज संघटनांमधून पुढे आला. बाल्टिमोरमधल्या मुलींच्या एका शाळेची 'लीथल लेडीज' ही स्टेप टीम अमांडा लिपिट्झ यांच्या 'स्टेप' (२०१७) या डॉक्युमेंटरीत भेटते.

२००९ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचं टार्गेट एकच : प्रत्येक मुलगी कॉलेजात गेलीच पाहिजे. पण कुणाच्या घरची वीज कापलेली, कुणाचा फ्रिज रिकामा. एकीची तर हजेरीच घसरलेली. स्टेपमध्ये एकीचा पाय चुकला की सगळ्यांचा ठेका बिघडतो. म्हणून कोच तालमीत जितकी कडक, तितकीच मार्कांच्या बाबतीतही.

शेवटी काय झालं? मुलींनी स्पर्धा जिंकली आणि शाळेच्या पहिल्या बॅचमधल्या सगळ्या जणींना कॉलेजात प्रवेश मिळाला. एकीला तर जॉन्स हॉपकिन्सची पूर्ण स्कॉलरशिप!

मार्क त्यांनी अभ्यास करूनच मिळवले. पण दमल्यावरही 'चला, पुन्हा पहिल्यापासून' म्हणायची सवय तालमीत लागली होती. तुमच्या डान्स ग्रुपला 'टाइमपास' म्हणणाऱ्या घरच्यांना ही फिल्म नक्की दाखवा!