शाळेच्या कपाटातलं जॅझ

शाळेतून प्रकल्प येतो तो मुलांच्या नावावर. पण रात्री दहा वाजता पुठ्ठा, डिंक आणि कात्री घेऊन बसतं कोण? तुम्हीच ना! यंदा आमच्या आठवीच्या वर्गाला ‘जगातील संगीतप्रकार’ हा विषय दिला आणि चिठ्ठ्या टाकल्यावर चार मुलींच्या वाट्याला जॅझ आलं. दुसऱ्याच दिवशी दोघींच्या आया फाटकाशी हजर. “बाई, आमच्याकडे भजन चालतं, नाट्यसंगीत चालतं. हे जॅझ कुठून आणायचं?”

फोनवर माहिती ढीगभर मिळते, नाही असं नाही. पण ती उतरवून काढली की वही भरते आणि मुलगी कोरडीच राहते. म्हणून मी सगळ्यांना शाळेच्या ग्रंथालयात नेलं. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि एक टेबल. त्यातलं जुन्या इंग्रजी ज्ञानकोशांचं कपाट रद्दीत काढायचं घाटत होतं, कोणी उघडत नाही म्हणून. ते जायच्या आत उघडावं, हा माझा स्वार्थ!

मैत्रिणींनो, शाळेत ‘जॅझ’ नावाचं पुस्तक शोधत बसू नका, बहुधा मिळायचं नाही. आधी नकाशासंग्रह घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदी समुद्राला मिळते, तिथे न्यू ऑर्लिन्स हे बंदर सापडेल. त्याच संग्रहात पिकांचा नकाशा असतो. कापसाचा पट्टा बघा. त्या शेतांवर राबायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली होती. त्यांची गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो चौकात रविवारी हे गुलाम जमून ढोल वाजवीत, नाचत. त्या तालांत चर्चमधली गाणी, मजुरांची गाणी आणि रस्त्यावरच्या बँडची वाद्यं मिसळत गेली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी जॅझ उभं राहिलं. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली १९१७ साली, आणि गंमत म्हणजे ती गोऱ्या वादकांची होती.

मग ज्ञानकोश. शेवटची सूची आधी उघडायची, ही सवय मुलांना लावाच. ‘जॅझ’खाली थोडं मिळेल, ‘ब्लूज’खाली आणखी, आणि ‘आर्मस्ट्राँग, लुई’ या नावाखाली सगळ्यांत जास्त. आमच्या मुली तिथेच अडल्या. जुन्या ज्ञानकोशात त्याचा जन्म ४ जुलै १९००, आणि नव्या छोट्या चरित्रात ४ ऑगस्ट १९०१! “बाई, खरं कुठलं?”

खरं दुसरं. पहिली तारीख खुद्द आर्मस्ट्राँगच सांगत असे, आणि ती नेमकी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. चर्चच्या दप्तरातली त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद संशोधकाच्या हाती लागली ती १९८० नंतरच्या दशकात, म्हणजे तो १९७१ साली वारल्यानंतर. त्याआधी छापलेली पुस्तकं जुनीच तारीख देणार. तेव्हा कुठलंही पुस्तक उघडलं की आतल्या पानावरचं छपाईचं साल आधी वहीत लिहून घ्यायचं. हे मुलींना दहा वेळा सांगून पटलं नसतं, ते त्या एका तारखेने पटलं. चौघींच्या आयांनी कपाट वाचवायचा अर्ज मुख्याध्यापकांना दिला, त्यात हीच तारीख घातली. निर्णय अजून व्हायचा आहे.

सूचीत आर्मस्ट्राँगच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘पत्नी’ अशी नोंद होती. तिथेही थांबा, बरं का! ही लिल हार्डिन. किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये ती पियानो वाजवायची, लुई त्याच बँडमध्ये नंतर आला. १९२४ साली त्यांचं लग्न झालं. ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पड, असा आग्रह तिनेच धरला. १९२५ सालापासून निघालेल्या ‘हॉट फाइव्ह’च्या ध्वनिमुद्रिकांत पियानो तिचा आहे. पुढे ते वेगळे झाले. लुई गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात पियानो वाजवता वाजवताच ती कोसळली आणि गेली. एवढी बाई, आणि नोंद ‘पत्नी’!

आता आयांचा प्रश्न, आपला याच्याशी संबंध काय? आहे, आणि जवळचा आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरवयात स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत होतेच. त्यांनी जॅझ उचललं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत नेलं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी तुम्ही-आम्ही लहानपणापासून गुणगुणतो, त्यांत त्यांची ट्रम्पेट आहे. पडद्यावर मात्र अशा किती वादकांची नावं आलीच नाहीत.

गाणं समजायला एक युक्ती सांगते. ब्लूजमध्ये चार-चार मात्रांचे बारा खंड असतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. ते पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वादक आपल्या पाळीला त्यावर आयत्या वेळी सुचेल ते रचतो. आपल्याकडच्या उपजेसारखंच. फरक इतकाच, की आपण रागाला धरून चालतो आणि ते खालून बदलत जाणाऱ्या स्वरसंघांना धरून.

संदर्भग्रंथ शाळा घरी देत नाही. पालकसभेच्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि टेबलाशी बसून टिपणं काढा. शिपाईमामांना किल्ली आणायला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ती हमखास दुसऱ्याच कुणाकडे असते. आणि घरी आल्यावर फोनवर ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावा, आर्मस्ट्राँगचं, १९२८ सालचं. सुरुवातीला ट्रम्पेट एकटीच तान घेते, तेवढ्यापुरता मिक्सर बंद ठेवा.