डबी शोधणारे

सावंगी (मेघे) हे गाव वर्धा शहराजवळ आहे. तेथील मोठ्या रुग्णालयामुळे परगावच्या माणसांची तेथे सतत वर्दळ असते. अशा नवख्या माणसाने एखाद्या घराचा पत्ता विचारला, तर गावकरी सांगतो, "सरळ जा, चिंचेचं झाड लागलं की डावीकडे वळा, पुढे पानठेला आहे, तिथं विचारा." हा पत्ता उत्तम खरा, परंतु झाड उभे असेतो आणि पानठेला उघडा असेतोच. शिवाय त्याला विचारणारा व सांगणारा अशी दोन माणसे लागतात. जपानातील एखाद्या मुलाला कोणालाही न विचारता नेमके त्याच चिंचेच्या बुंध्याशी आणून उभे करावयाचे असेल, तर काय करावे?

त्यासाठी दोन संख्या पुरतात: एक अक्षांशाची व दुसरी रेखांशाची. सावंगी हे एकविसाव्या उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर आणि ७८ व ७९ या पूर्व रेखांशांच्या साधारण मध्यावर आहे. एवढ्याने गाव सापडेल, झाड सापडणार नाही. पण दोन अक्षांशांमधील अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. त्या एका अंशाचे ६० भाग केले म्हणजे प्रत्येक भाग, ज्यास मिनिट म्हणतात, सुमारे १,८५० मीटरांचा होतो. मिनिटाचे पुन्हा हजार भाग केले, तर प्रत्येक भाग दोन मीटरांहूनही लहान. म्हणजे काही अंकांची ही संख्या अचूक लिहिली, तर ती माणसाला थेट झाडाच्या सावलीत आणून सोडते.

याच गोष्टीवर एक छंद उभा आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. 'कॅश' हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ दडवून ठेवलेली वस्तू. रोख पैशांशी त्याचा काही संबंध नाही. एकाने एक डबी लपवावी, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावे आणि जगातील कोणीही येऊन ती शोधावी, असा हा खेळ आहे.

या खेळाचा जन्म नेमका सांगता येतो. अमेरिकेने स्थान कळविणारे जे उपग्रह आकाशात सोडले आहेत, त्यांच्या संदेशांत सर्वसामान्य लोकांसाठी पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील एका रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत पुस्तके, काही पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. मौज अशी की आज या खेळात जमीन खणून काही पुरण्यास सहसा मनाई आहे. पहिलीच बादली या नियमात बसली नसती. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

उपग्रह हे काम कसे करतात? ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात व प्रत्येकजण आपली जागा आणि संदेश पाठविण्याची वेळ अखंड कळवीत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने येतो. हातातील यंत्र संदेशास किती वेळ लागला हे पाहून उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरते. परंतु यंत्रातील घड्याळ एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. ती सुधारून घेण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. भारतानेही 'नाविक' नावाची अशी स्वतःची यंत्रणा उभारली आहे. एवढे सगळे होऊनही यंत्र माणसाला डबीच्या चार-पाच पावलांपर्यंत नेते आणि तेथे सोडून देते. पुढचे काम डोळ्यांचे. डबी दगडांच्या सांदीत असेल, झाडाच्या ढोलीत असेल, कधी बोटाच्या पेराएवढी असेल. खरा खेळ तेथून सुरू होतो.

डबीत एक कागद किंवा छोटी वही असते. शोधणाऱ्याने तीत आपले नाव व दिनांक लिहावयाचा. मोठ्या डबीत गोट्या, नाणी, खेळणी अशा किरकोळ वस्तू असतात. त्यांतील एक घ्यावी, तर तिच्याइतक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी. खाण्याचा पदार्थ कधीही ठेवू नये, कारण मुंग्यांना व खारींना अक्षांश-रेखांश लागत नाहीत. मग डबी जशी होती तशी, जेथे होती तेथेच ठेवून निघून जावे. तेथे पहारेकरी नसतो. सगळी खेळणी खिशात घालून जाणाऱ्यास अडविणारे कोणी नाही. तरीही डब्या वर्षानुवर्षे टिकतात.

या खेळात कोण भाग घेतात? शाळकरी मुले आणि त्यांचे आईवडील, डोंगर चढणारे तरुण, कामानिमित्त परगावी गेलेले प्रवासी, निवृत्त झालेली आजोबा-आजींची जोडपी. चढण, पाण्याची वाट आणि शोधण्याची अवघडता आधीच सांगितलेली असते, त्यामुळे चाकांच्या खुर्चीवरून फिरणाराही आपल्याला जमेल अशी डबी निवडू शकतो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांना हे लोक गमतीने 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या नकळत शोध घेण्यात चातुर्य मानतात. अमेरिकेतील रानात हे साधत असेल. आपल्याकडे कोणी झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहू लागला, की दोन मिनिटांत चार माणसे गोळा होऊन "काय हरवलं भाऊ?" म्हणून विचारतात व शोधू लागतात.

हे हसण्यावारी नेता येईल, पण एक गोष्ट नाही. रेल्वे स्थानक, धरण किंवा बाजार अशा ठिकाणी बेवारस डबी दिसली तर लोक घाबरतात, पोलीस बोलवावे लागतात. त्यांचे ते बरोबरच आहे. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी घेतल्यावाचून डबी ठेवू नये, आणि किल्ले, लेणी अशा संरक्षित वास्तूंच्या एका दगडासही हात लावू नये.

म्हणूनच काही ठिकाणी डबी ठेवतच नाहीत. ठरलेल्या जागी जाऊन तेथील भूमी पाहावयाची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळवावयाची. हा प्रकार २००४ पासून सुरू झाला. वर्धा जिल्ह्यातील गिरडची टेकडी अशा शोधास फार योग्य आहे. तेथे शेख फरीद यांचा दर्गा असून टेकडीवर सुपारी-नारळासारखे दिसणारे गोल खडे सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की हे झिओलाइट नावाचे खनिज असून ते लाव्हारसाच्या खडकातील पोकळ्यांत तयार झाले. खड्यांचे निरीक्षण करून ते तेथेच ठेवणाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगता येतील.

ज्या संख्यांवर हा खेळ चालतो, त्या आज फुकट मिळतात; पण पूर्वी तसे नव्हते. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ जमीन मोजण्यास आरंभ केला. पृथ्वीच्या गोलाईचे नेमके माप काढणे व देशाचा नकाशा अचूक करणे हा त्यांचा हेतू होता. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते चढविताना दोरी तुटली आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्ब्टन यांनी तंबूत बसून सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. टेकडीवरून टेकडीकडे पाहत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत ते ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिले. वीस वर्षांनंतर, हैदराबादहून नागपूरकडे जात असता, जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच, वर्धा जिल्ह्यात आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही सुमारे २,४०० किलोमीटरांची मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. रात्री दिवे व दिवसा झेंडे धरून टेकड्यांवर उभे राहणारे कित्येक भारतीय मदतनीस रानातील तापाने दगावले. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

डबीतील कागदाचे मात्र तसे नसते. त्यावर येणारा प्रत्येकजण नाव लिहून जातो. तो कागद सांभाळण्याची जबाबदारी डबी ठेवणाऱ्याची. पावसाळ्यात झाकणातून पाणी शिरते, शाई पसरते. म्हणून अनुभवी शोधक पेन्सिलीने लिहितात आणि खिशात एक कोरा कागद बाळगतात. जुना कागद ओला झालेला आढळला, तर ते नवा कागद घालतात. जुना वाळवून, त्याचे छायाचित्र डबीच्या मालकास पाठवितात. मालक गाव सोडून गेला असेल, तर त्याने डबी दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करावी किंवा उचलून न्यावी आणि तसे जाहीर करावे, म्हणजे दुरून आलेला माणूस रिकाम्या ढोलीत हात घालीत बसणार नाही.