पाळीतील वेदना : सोसू नका, ओळखा

आपल्या समाजात शिक्षणाचा प्रसार झाला, मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या, नोकऱ्या करू लागल्या. तरीही मासिक पाळी हा विषय घरात आजही हळू आवाजातच बोलला जातो. मुलगी ओटीपोट धरून झोपून राहिली तर "बाईच्या जातीला हे चालायचंच", "लग्न झालं, मूल झालं की बरं वाटेल" असे सांगून तिची समजूत घातली जाते. या समजुतीमागे कधी कधी एक खरा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. त्याचे नाव एंडोमेट्रिऑसिस. आपल्या सभासदांना व विद्यार्थिनींना त्याची ओळख व्हावी, या हेतूने आम्ही ही माहिती देत आहोत.

आजार म्हणजे काय?

गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते व गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. या अस्तरासारखाच थर गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, गर्भनलिकांवर, आतड्यांवर किंवा मूत्राशयावर रुजतो, तेव्हा त्या आजारास एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. तेथेही दर महिन्याला सूज येते व रक्त झिरपते, पण त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने, काळपट रक्त साठून गाठ होते. तिला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. म्हणजे दहा जणींत एक. पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते व तेथे पेशी रुजतात, हे कारण अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडले. परंतु असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत जाते आणि आजार थोड्यांनाच होतो. त्याअर्थी आनुवंशिकता व शरीराची प्रतिकारशक्ती यांचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. हा आजार कोणाच्या पापाने, दृष्टीने वा बाहेरच्या बाधेने होत नाही. दुःखाला कारण असते आणि ते शोधावे लागते, ही तथागतांची शिकवण आपण येथेही लक्षात ठेवली पाहिजे.

लक्षणे

पाळीत थोडेफार पोट दुखणे स्वाभाविक आहे. पण खालील गोष्टी स्वाभाविक मानू नयेत :

१) दर महिन्याला शाळा, परीक्षा किंवा काम बुडावे इतके दुखणे.
२) साध्या गोळीने न थांबणारी किंवा वर्षागणिक वाढत जाणारी वेदना.
३) पाळीच्या दिवसांत शौचाच्या वा लघवीच्या वेळी दुखणे.
४) पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे.
५) पाळी नसतानाही ओटीपोट व कंबर दुखत राहणे, सतत थकवा.
६) मूल राहण्यास अडचण.

आजार थोडा असूनही वेदना फार असू शकते आणि आजार पुष्कळ असूनही वेदना कमी असू शकते. म्हणून "एवढं काय दुखतंय?" असे कोणीही म्हणू नये.

निदान

या आजाराचे निदान होण्यास जगभर अनेक वर्षांचा उशीर होतो. तो टाळण्यासाठी एक साधा उपाय आहे. तीन महिने एका वहीत पाळीच्या तारखा, दुखण्याचे दिवस, कोणत्या वेळी दुखते, कोणती गोळी घेतली व किती दिवस काम बुडाले हे लिहून ठेवावे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना वेळ थोडा असतो, तेथे ही वही फार उपयोगी पडते.

डॉक्टर तपासणी करून सोनोग्राफी सांगतात, जरूर तर एम.आर.आय. करतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असे नसते. पूर्वी दुर्बिणीतून पोटाची तपासणी केल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. आता लक्षणांवरून औषध सुरू करता येते, असे २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग व जंतुसंसर्ग यांनीही असेच दुखते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

उपचार

हा कर्करोग नव्हे. तो समूळ जाईल अशी खात्री देता येत नाही, पण पुष्कळ अंशी आटोक्यात राहतो. प्रथम वेदनाशामक गोळ्या देतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. त्यानंतर हार्मोनची औषधे येतात : गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट, किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन. अविवाहित मुलीला अशा गोळ्या दिल्या तर घरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये, त्या आजारावरचे औषध म्हणून दिलेल्या असतात. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला मात्र वेगळा मार्ग योजावा लागतो. औषधाने भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून आजार काढता येतो, तथापि तो पुन्हा उद्भवू शकतो. लग्न किंवा बाळंतपण हा त्यावरचा उपचार नाही.

पिशवी काढण्यापूर्वी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या सर्वांना हाच आजार होता असे नव्हे. परंतु खाडा पडला की मजुरी कापली जाते, म्हणून पोटदुखी, अंगावरून जाणे अशा तक्रारींवर तरुण वयातच पिशवी काढून टाकण्याचा मार्ग अनेकींनी पत्करला. एंडोमेट्रिऑसिसमध्ये पिशवी काढूनही बाहेरचा आजार राहिला तर वेदना राहू शकते. दोन्ही बीजकोशही काढले तर पाळी अकाली जाऊन हाडे ठिसूळ होतात. काही स्त्रियांना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, पण तो शेवटचा उपाय आहे. निदान काय, दुसरा उपाय आहे का, हे विचारल्याशिवाय व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

उरणकरांसाठी

प्रथम उरणच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढील तपासणीसाठी पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय व अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईत कामा, के.ई.एम. व परळचे वाडिया प्रसूतिगृह आहे. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल सुरू झाल्याने आता केवळ मोऱ्याच्या लाँचवर वा एस.टी.वर अवलंबून राहावे लागत नाही. शस्त्रक्रिया सांगितल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे.

बंधुभगिनींनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयक विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. स्त्रीच्या शरीराचे कष्ट हा तिचा खासगी प्रश्न नसून समाजाचा प्रश्न आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. आज घरातील मुलगी "पोटात दुखतंय" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवणे आणि आईबरोबर वडिलांनी, भावानेही तिच्यासोबत दवाखान्यात जाणे, एवढे तरी आपण करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!